‘झी’चे काम

‘शांघाय हे जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक आहे’ हे वाक्य आजच्या मॅन्डरिनमध्ये म्हणायचे झाले, तर त्याचा महत्त्वाचा भाग असा होतो : शीज्ये शांग ज़्वे दा द छंगशी झी यी. शब्दाला शब्द ठेवला तर ‘जगावर सर्वांत मोठे द शहर झी एक’. एवढ्याशा पदबंधात दोन अव्यये आहेत आणि दोघांचेही काम वरवर पाहता एकच, म्हणजे आपल्या षष्ठीसारखे अलीकडचे पलीकडच्याशी जोडण्याचे. ‘द’ रोजच्या बोलण्यातला, तर ‘झी’ कन्फ्यूशियसच्याही आधीपासून लिहिला जाणारा. मॅन्डरिनची पाठ्यपुस्तके बहुधा एका ओळीत सांगून मोकळी होतात, की ‘झी’ म्हणजे ‘द’चे ग्रांथिक रूप. हे खरे असेल तर दोघांची अदलाबदल व्हायला हवी. प्रत्यक्षात ती एकाच दिशेने होते. अगदी औपचारिक मजकुरात पहिल्या ‘द’च्या जागी ‘झी’ चालून जाईल, पण शेवटच्या ‘झी’च्या जागी ‘द’ घातला तर कोणताही चिनी वाचक तिथेच थांबेल, कारण वाक्य मोडलेले असेल. ‘झी’ हा ‘द’चा भरजरी पोशाख नाही. त्याला स्वतःचे व्याकरण आहे, ‘द’ला न जमणारी कामे आहेत, आणि म्हणूनच तो टिकला आहे, हे या प्रकरणात दाखवायचे आहे.

आधी उच्चाराबद्दल. देवनागरीत आपण ‘झी’ लिहितो ती केवळ सोय. प्रत्यक्षात जिभेचे टोक टाळूकडे वळवून काढलेला, महाप्राण नसलेला, ‘च’च्या जवळचा तो वर्ण आहे, आणि पुढचा स्वर आपला ‘ई’ नव्हे. सूर उंच आणि सपाट. उलट ‘द’ला स्वतःचा सूरच नाही. आधीच्या शब्दाला चिकटून तो हलकेच उच्चारला जातो आणि कानाला ‘त’सारखा ऐकू येतो. एक पूर्ण सुरात उभा राहतो, दुसरा मागच्याच्या आधाराने जगतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेल्या चिनी लिपीच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत, म्हणजे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, ‘झी’चे चिन्ह म्हणजे जमिनीच्या रेघेवर उमटलेले पाऊल होते आणि अर्थ होता ‘जाणे’. अभिजात चिनीत, म्हणजे वेन्यानमध्ये, याच चिन्हाला आणखी कामे मिळाली. ‘हा, ही’ असे दर्शक म्हणून ते आले. क्रियापदानंतर ‘त्याला, तिला, ते’ असे कर्मवाचक सर्वनाम म्हणून आले. दोन नामांना जोडणारे अव्यय म्हणून आले. आणि कर्ता व क्रियापद यांच्या मधोमध बसून अख्ख्या वाक्याला नाम बनवू लागले, जसे आपण ‘राजा येतो’ या वाक्याचे ‘राजाचे येणे’ करतो. अभिजात चिनी मजकुरातले सर्वाधिक वापराचे चिन्ह हेच. इ.स. 353 मध्ये वांग शीझी या सुलेखनकाराने लानथिंग इथल्या मेळाव्यासाठी लिहिलेली प्रस्तावना घ्या. सव्वातीनशेच्या आसपास चिन्हांच्या त्या मजकुरात ‘झी’ वीसएक वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी त्याचे वळण वेगळे आहे म्हणून सुलेखनाचे विद्यार्थी आजही ते गिरवतात. वीसएक म्हणजे सुमारे सहा टक्के. आजच्या चिनी मजकुरात पहिल्या क्रमांकावर असलेला ‘द’ साधारण चार टक्क्यांवर आहे. लेखकाच्या स्वतःच्या नावातही ‘झी’ आहे आणि त्याच्या सातही मुलांच्या नावांत आहे, हे जाता जाता.

या जुन्या कामांचे पुढे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे, कारण सगळ्यांची गत सारखी झाली नाही. ‘जाणे’ हे क्रियापद मेले. दर्शक ‘झी’ मेला. सर्वनाम ‘झी’ काही ठरलेल्या शब्दांत गोठून राहिला : ‘ज़ोंगझी’ म्हणजे ‘थोडक्यात’, ‘फानझी’ म्हणजे ‘उलटपक्षी’, किंवा ‘मान राखून चार हात दूर ठेवणे’ या अर्थाचा चार अक्षरी ‘जिंग अर युआन झी’. आज कोणी ‘मी त्याला पाहिले’ म्हणताना ‘झी’ वापरणार नाही, त्या जागी ‘था’ आला. जोडणारा ‘झी’ मात्र, मग तो दोन नामांना जोडो वा कर्त्याला क्रियापदाशी, जिवंत राहिला आणि नवनवे शब्दबंध घडवत राहिला. केवळ जुन्याच्या आदरापोटी एखादे चिन्ह सांभाळले गेले असते, तर त्याचे चारही उपयोग सारखेच कोमेजायला हवे होते. एकच हिरवा राहिला, त्याअर्थी कारण आदराचे नसून उपयोगाचे असले पाहिजे.

आदराचे म्हणाल, तर गेल्या हजार वर्षांत ‘झी’च्या वाट्याला उलटेच आले. सोंग घराण्याचा संस्थापक सम्राट थाइज़ू (राज्यकाल 960 ते 976) याच्याबद्दल एक जुनी आख्यायिका आहे. नगराच्या झूछ्वे दरवाजावरचा फलक पाहून त्याने मंत्री झाओ फू याला विचारले, की ‘झूछ्वे दरवाजा’ एवढे पुरे असताना मध्ये ‘झी’ कशाला. मंत्री म्हणाला, ते भाषेला साहाय्य करणारे अव्यय आहे. सम्राट हसला आणि असली अव्यये साहाय्य ते कसले करतात, असे म्हणाला. ‘झी, हू, झ, ये’ ही चार अव्यये एका दमात म्हटली की पढीक पंडिताची टिंगल होते, ती आजतागायत. लू शुन या लेखकाच्या 1919 मधल्या कथेतला खोंग यीजी हा दारिद्र्याने गांजलेला, परीक्षा न झालेला विद्वान तोंड उघडले की हीच अव्यये बोलतो आणि गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांना त्याचे निम्मेच कळते. त्याआधी 1917 मध्ये हू शी या विचारवंताने ‘नवयुवक’ मासिकातून साहित्यसुधारणेची हाक दिली होती. 1918 मध्ये लू शुनची ‘एका वेड्याची रोजनिशी’ आली, तिची प्रस्तावना वेन्यानमध्ये आणि रोजनिशी बोलभाषेत. एकाच कथेत शहाण्यांची भाषा आणि वेड्याची भाषा समोरासमोर ठेवली होती, आणि खरे बोलणारा वेडाच होता. 1920 मध्ये प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत बोलभाषेतून शिकवण्याचा सरकारी आदेश निघाला. एखाद्या अव्ययाला हद्दपार करायची इतकी चांगली संधी पुन्हा आली नसती. वेन्यान गेली. ‘हू’ आणि ‘ये’ हे वाक्याच्या शेवटी येणारे सोबतीही रोजच्या भाषेतून गेले. ‘झी’ गेला नाही.

आता ‘द’कडे वळू. त्याचे मूळ काय, यावर विसाव्या शतकातल्या दोन मोठ्या चिनी व्याकरणकारांचे एकमत झाले नाही. थांग आणि सोंग काळातल्या बोलभाषेच्या नोंदींत तो ‘दी’ या वेगळ्या चिन्हाने लिहिलेला सापडतो. आजचे चिन्ह त्यानंतर रुळले. ल्यू शूशियांग यांनी 1943 मध्ये मांडले, की हा ‘दी’ अभिजात ‘झ’पासून आला, ज्याचा अर्थ ‘जो अमुक करतो तो’. वांग ली यांचा कौल मात्र ‘झी’कडे होता. त्यांच्या बाजूने ध्वनीचा पुरावा ओढ लावणारा आहे. प्राचीन चिनीच्या आजच्या पुनर्रचनेनुसार कन्फ्यूशियसच्या काळात ‘झी’चा उच्चार जवळपास ‘त’ असा, अस्फुट स्वराचा होता. आज पेइचिंगच्या रस्त्यावर ‘द’ ऐकू येतो तो जवळपास तसाच. लिहिण्यातला ‘झी’ वाचनपरंपरेत बदलत बदलत आजच्या उच्चाराला पोचला आणि बोलण्यातला हलका ‘त’ जागीच राहिला, असे मानायचा मोह होतो. पण ल्यू यांचा आक्षेप वजनदार आहे. ‘द’ शब्दबंधाच्या शेवटी एकटा उभा राहू शकतो : ‘वो द’ म्हणजे ‘माझे’, ‘होंग द’ म्हणजे ‘लाल असलेले’. ‘झी’ला हे अभिजात काळातही जमत नव्हते, ‘झ’ला जमत होते. मला वाटते, वंशावळीत शेवटचा शब्द कोणाचाही असो, ल्यू यांनी बोट नेमके जागेवर ठेवले आहे. ‘झी’ला पुढे काहीतरी लागतेच.

हीच त्याची ताकद. ‘द’ मागे पाहतो : आधीच्या शब्दाचे विशेषण करतो, आणि पुढचे नाम असले तर ठीक, नसले तरी भागते. ‘झी’ पुढे पाहतो. तो उच्चारला की ऐकणाऱ्याला कळते, मुख्य शब्द अजून यायचा आहे. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते अपूर्णांकात. एक तृतीयांश म्हणजे ‘सान फन झी यी’, तीन भागांचा एक. वीस टक्के म्हणजे ‘बाय फन झी अरशी’, शंभर भागांचे वीस, आपल्या ‘शेकडा वीस’च्या क्रमाने. ही रीत फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सिद्ध झालेल्या आणि 263 मध्ये लिउ ह्वे याने भाष्य लिहिलेल्या ‘गणिताची नऊ प्रकरणे’ या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, बारा अठरांशाला संक्षिप्त रूप द्यायचे उदाहरण आहे आणि उत्तर दोन तृतीयांश. त्या प्रश्नातही अपूर्णांक ‘अठरा भाग झी बारा’ असाच लिहिला आहे. गंमत अशी, की त्याच प्रश्नात ‘त्याला संक्षिप्त केले तर’ या अर्थाने ‘झी’ पुन्हा येतो, या वेळी सर्वनाम म्हणून. एका ओळीच्या प्रश्नात ‘झी’चे दोन व्यवसाय. आजच्या चिनी शाळेतल्या मुलाला त्यांतला सर्वनामाचा ‘झी’ शिकवून समजवावा लागेल. अपूर्णांकाचा ‘झी’ तो वर्गात स्वतःच म्हणतो.

इथे ‘द’ का चालत नाही? कारण आधुनिक चिनीत नुसता ‘यी’, म्हणजे ‘एक’, नाम म्हणून उभा राहत नाही. एक माणूस, एक पुस्तक म्हणताना संख्या आणि वस्तू यांच्या मध्ये मोजणीचा शब्द लागतो. ‘सान फन द यी’ म्हटले की ‘एक काय?’ हा प्रश्न लोंबकळत राहतो. ‘झी’ ज्या भाषेतून आला तिथे मोजणीच्या शब्दांची अशी सक्ती नव्हती, आणि त्या भाषेचा हा नियम तो आपल्यासोबत घेऊन आला. म्हणूनच सुरुवातीच्या वाक्यातल्या ‘शहर झी एक’मध्ये ‘झी’ अटळ आहे. इतर चिनी भाषांची साक्षही हेच सांगते. कॅन्टनीजमध्ये षष्ठीचे रोजचे अव्यय ‘गे’ आहे, ‘द’ नव्हे. पण एक तृतीयांश म्हणताना हाँगकाँगचा दुकानदारही ‘गे’ बाजूला ठेवतो आणि ‘साम फान जी यात’ म्हणतो. त्यातला ‘जी’ म्हणजे हाच ‘झी’. जपानीने ही रचना उचलली, तेव्हा ‘झी’च्या जागी आपला देशी ‘नो’ बसवला आणि ‘सान्बुन नो इची’ केले. तिथे ते जमले. चिनीत जमत नाही.

अपूर्णांक ही एक बाजू झाली. दुसरी बाजू लयीची आहे. गेल्या दोन हजार वर्षांत चिनी शब्द एकाक्षरी होते ते मोठ्या प्रमाणावर दोन अक्षरी झाले. अभिजात ‘मू’ म्हणजे आई. आज नुसते ‘मू’ कोणी म्हणत नाही, ‘मूछिन’ म्हणतात. ‘शिंग’ म्हणजे तारा, आज ‘शिंगशिंग’. ‘छंग’ म्हणजे नगर, आज ‘छंगशी’. ‘द’च्या पुढे असा अर्धवट उरलेला एकाक्षरी शब्द ठेवता येत नाही, तिथे आजचा पूर्ण शब्द हवा. ‘झी’च्या पुढे मात्र तो बिनदिक्कत बसतो. ‘अपयश ही यशाची जननी’ ही म्हण चिनीत ‘यश झी मू’ अशी आहे. तिथे ‘द’ घातला तर ‘मूछिन’ म्हणावे लागेल, आणि यशाची आई खरोखरची बाई वाटू लागेल. दोन अक्षरे, मग ‘झी’, मग एक अक्षर : चिनी कानाला प्रिय असलेला चार अक्षरांचा साचा आपोआप पुरा होतो. ‘जिंग दी झी वा’, विहिरीच्या तळाचा बेडूक, म्हणजे आपला कूपमंडूकच, याच साच्यातला. म्हणून ‘झी’ हा स्वतः जुना शब्द आहे एवढेच नाही. दारात उभे राहून तो इतर जुन्या शब्दांना आजच्या भाषेत येऊ देतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : हे सगळे गोठलेले शब्दबंध आहेत, मुले ते जसेच्या तसे पाठ करतात, मग जिवंतपणा कुठे? उत्तर नव्या नावांत आहे. ‘ला ला लँड’ हा हॉलिवूडचा चित्रपट चीनमध्ये ‘आय युए झी छंग’ झाला. मूळ नावात षष्ठीचा मागमूस नाही, ती चिनी नावात घडवली गेली. ‘अवतार’च्या 2022 मधल्या दुसऱ्या भागाचे उपशीर्षक ‘श्वे झी दाओ’, पाण्याचा मार्ग. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या चित्रपटांची नावे शेजारी शेजारी ठेवली तर निवडीचे तत्त्वही कळते. 1986 चा ‘लापुता’ चिनीत ‘थ्येनखोंग झी छंग’, म्हणजे आकाशाचे नगर. 2004 चा ‘हाउल्स मूव्हिंग कॅसल’ मात्र ‘हा-अर द यीदोंग छंगबाओ’. पहिल्यात पुढे एकच अक्षर आहे, ‘छंग’, म्हणून ‘झी’. दुसऱ्यात पुढे चार अक्षरे आहेत आणि मागे एका माणसाचे नाव, म्हणून ‘द’. वाहनांची माहिती देणारे संकेतस्थळ ‘छिछ झी ज्या’, म्हणजे मोटारींचे घर, आणि पुरुषांच्या कपड्यांची साखळी ‘हायलान झी ज्या’ यांच्या पाट्यांवरही हाच साचा आहे. आणि अपूर्णांकात तर कोणतीही संख्या मागे-पुढे घालता येते. पाठ केलेल्या गोष्टीला असे अनंत रूपांतर करता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक विचार करायला लावतो. गणिताची आणि पाट्यांची भाषा सगळीकडेच जुनाट असते. मराठीतही आपण ‘एक तृतीयांश’ म्हणतो तेव्हा संस्कृतच वापरतो. पण तिथे आपल्याला ‘तीनातला एक हिस्सा’ हा देशी पर्याय खुला आहे. चिनीला तो ‘द’ वापरून खुला नाही, आणि हाच फरक आहे. शिवाय ‘झी’ गणिताबाहेरही घट्ट पाय रोवून आहे. वर्तमानपत्री चिनीत ‘सूदू झी क्वाय’, वेगाचे जलद असणे, अशी रचना रोज दिसते : वेग इतका, की थक्क व्हावे. कर्ता आणि विधेय यांच्या मधोमध बसून वाक्याचे नाम करणारा हा तोच अभिजात ‘झी’. इथे ‘द’ घातला तर वाक्य लंगडे होते. ‘था झी स्वोयी बू लाय’, म्हणजे ‘तो येत नाही याचे कारण’, ही रचनाही तशीच, आणि ती पंडिताची नाही, साध्या भांडणात ऐकू येणारी आहे.

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. ‘झीछ्येन’, म्हणजे ‘च्या आधी’, यातला ‘झी’ पूर्वी मागच्या शब्दाला ‘आधी’शी जोडत असे : ‘जेवणाआधी’, ‘युद्धाआधी’. आज लोक सर्रास ‘वो झीछ्येन छ्युग्वो’ म्हणतात, ‘मी आधी गेलो होतो’. इथे ‘झी’ कशालाच कशाशी जोडत नाही. त्याच्या मागे जोडण्यासारखे काही उरलेले नाही आणि ‘झीछ्येन’ हा एकसंध शब्द झाला आहे. ‘झीहोउ’, म्हणजे ‘नंतर’, त्याच वाटेवर आहे. ही दोन उदाहरणे खरोखर गोठण्याची आहेत. पण ती अपवाद म्हणून ओळखू येतात, ते इतर ठिकाणी ‘झी’ अजून आपले जोडण्याचे काम करतो म्हणूनच.

मॅन्डरिन शिकवणाऱ्या पुस्तकांनी ‘झी म्हणजे ग्रांथिक द’ ही ओळ आता काढून टाकावी. तिच्या जागी तीन गोष्टी सांगितल्या तर विद्यार्थ्याचे खूप कष्ट वाचतील : ‘झी’च्या पुढे शब्द यावाच लागतो, तो शब्द बहुधा एका अक्षराचा असतो, आणि संख्या संख्येला जोडायची असेल तर ‘झी’ला पर्यायच नाही.